घरच्या कामाला ड्रिल घेताय? कंपनी कुठली ते नंतर बघू

बॉश घेऊ की मकिता की डिवॉल्ट, हे मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि मी उलट विचारतो की तुझ्याकडे भिंत कसली आहे, कारण अर्धं उत्तर तिथेच असतं. साध्या विटांच्या भिंतीत फोटो, फळी, पडद्याचा रॉड एवढंच लावायचं असेल तर ५००-६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल भरपूर झालं, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं घ्या, फार फरक नाही पडत. पण बऱ्याच नव्या बिल्डिंगमध्ये भिंतीच आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात, तिथे हे ड्रिल नुसतं किंचाळतं, बिट, म्हणजे पुढचं भोक पाडणारं पातं, लाल होतो आणि भोक अर्धा इंचसुद्धा पुढे सरकत नाही. त्याला एसडीएस प्लसचं (म्हणजे खाचा असलेला बिट नुसता ढकलून अडकवायचा असतो ते) रोटरी हॅमर लागतं, दोन किलो क्लासचं. त्यात हवेच्या दाबाने ठोका बसतो, इम्पॅक्ट ड्रिलमध्ये नुसत्या दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात, जोर तुम्हालाच लावायला लागतो.

आता कंपनी. बॉशचं निळं म्हणजे प्रोफेशनल आणि हिरवं म्हणजे घरगुती, हे दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही. ब्लॅक अँड डेकर आणि डिवॉल्ट एकाच घरातले, पहिलं हौशी माणसासाठी आणि दुसरं साइटवाल्यांसाठी. हिकोकी म्हणजे आपली जुनी हिताची कोकीच, २०१८ पासून नाव बदललंय, त्यामुळे नवीन कंपनी समजून घाबरू नका.

माझं पहिलं ड्रिल स्वस्तात ऑनलाइन घेतलेलं, नाव नाही घेत. दीड वर्षाने मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या जास्तच दिसायला लागल्या, उघडलं तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा, झिजून नखाएवढा उरलेला. कार्बन म्हणजे किरकोळ खर्चाची वस्तू हो, पण त्या मापाचा मिळेना, शेवटी मोठा कार्बन आणून कानशीने घासून बसवला, महिनाभर चालला आणि मग आर्मेचर, म्हणजे मोटरचा तो फिरणारा भागच गेला, ते तर कुठेच नाही. तेव्हापासून माझा नियम असा की आधी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला जाऊन विचारायचं, या मॉडेलचा कार्बन आणि आर्मेचर मिळतं का? दुकानदार न बघता हो म्हणाला तर एकदा काढून दाखवा म्हणायचं.

बॅटरीवाल्यात मात्र कंपनी खरंच विचार करून निवडा, कारण तिथे तुम्ही ड्रिल नाही, बॅटरी घेताय. पुढची जिगसॉ, ग्राइंडर सगळं त्याच बॅटरीवर येणार, आणि बॉशच्या हिरव्याची १८ व्होल्टची बॅटरी निळ्याला बसत नाही, म्हणजे एकाच कंपनीत पण गोची! डब्यावर १८ आहे की २० याने हुरळू नका, पाच सेल गुणिले ३.६ म्हणजे १८, फुल चार्ज झाल्या झाल्या मोजलं की २०. वस्तू तीच. महिन्यातून दोनदा ड्रिल काढणार असाल तर वायरवालंच घ्या, कपाटात पडून बॅटरी म्हातारी होते, वायर नाही होत.

बिट आणि डिस्कमध्ये कंपनीचं बंधन नाही, एसडीएस प्लस बिट कुणाचाही कुणालाही बसतो आणि चार इंची ग्राइंडरची १६ मिमी भोकाची डिस्कही तशीच. फक्त ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर लाकडाचं दातेरी पातं लावायचा उद्योग करू नका, सुतार करतो म्हणून आपण नाही करायचा.

दुकानात पैसे देण्याआधी चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, ६ मिमीचा लांब बिट लावून हळू फिरवून बघा, टोक गोल गोल डोलत असेल तर दुसरा पीस मागा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का तिथेच मारून घ्या, नंतर या म्हणाले तरी हलू नका.