पॅरिलीनची नॅनो-खांबवाली फिल्म कशी बनवायची

पॅरिलीन म्हणजे वाफेतून थर देता येणारा एक पॉलिमर, आणि त्याची ख्याती काय, तर वाफेतून येऊन कोपरे-कपारी सगळीकडे एकसारखा थर धरतं. आपल्याला मात्र नेमकं उलटं हवंय, कुठे बसावं कुठे बसू नये असा भेदभाव, तरच १००-१५० नॅनोमीटर जाडीचे खांब उभे राहतात.

सबस्ट्रेट (ज्यावर फिल्म बसवायची तो पाया) म्हणून सिलिकॉन वेफरचा तुकडा घ्या, अ‍ॅसिटोन आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवा, मग ए-१७४ सिलेन हे फिल्म धरून ठेवणारं रसायन लावा, ही पायरी टाळलीत तर फिल्म पुढे सोलून निघते.

आता मशीन. आधी व्हॅक्युम पंप, मग कोल्ड ट्रॅप, म्हणजे पंपाआधी वाफ गोठवून अडवणारा सापळा, गार करा (पंपात मोनोमर, म्हणजे ज्या सुट्या रेणूंपासून पॉलिमर जुळतो तो, गेला तर तिथेच पॉलिमर होऊन बसतो), मग भट्टी साधारण ६९० अंश सेल्सिअसवर न्या आणि ती तिथे स्थिर झाली की मगच डायमर (दोन-दोन मोनोमर जोडलेला कच्चा माल, त्याची वाफ भट्टीत तुटून मोनोमर होतो) गरम करायला घ्या, १५० ते १७५ अंश पुरतात. घाई केली तर डायमर न तुटताच पुढे जातो आणि फिल्म धुरकट दिसते. डायमर थोडाच लागतो, ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सबस्ट्रेट रूम टेंपरेचरलाच ठेवायचा, तापला तर मोनोमर चिकटतच नाही.

खरी गोम कोनात आहे. नोझल (वाफ बाहेर सोडणारं तोंड) सबस्ट्रेटच्या पृष्ठभागाशी फक्त १० अंशांचा कोन करून, अगदी जवळ लावायचा. वाफ तिरपी येते, आधी बसलेल्या उंचवट्यांची सावली मागे पडते, सावलीत माल पोचत नाही आणि उंचवटे अजून वाढत जातात, बास, एवढंच गुपित. पण प्रेशर जास्त असेल तर रेणू वाटेत एकमेकांवर आपटून दिशाच विसरतात, ०.१ टॉरला (टॉर हे प्रेशरचं एकक) हवेचा रेणू जेमतेम अर्धा मिलिमीटर न धडकता जातो, मोनोमर तर त्याहून मोठा. म्हणून प्रेशर शक्य तितकं खाली ठेवा, माझ्या मते कोनाइतकंच हेही महत्त्वाचं, लोक कोन मोजत बसतात आणि प्रेशरच्या गेजकडे बघतच नाहीत.

सबस्ट्रेट स्थिर ठेवला तर खांब वाफेच्या दिशेला झुकलेले येतात (पण वाफेइतके आडवे नाही), हळू फिरवला तर स्प्रिंगसारखे पिळलेले, आणि जोरात फिरवला की सरळ उभे.

झाल्यावर भट्टी थंड होऊ द्या, मगच चेंबर उघडा. एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) कडेने बघायचं असेल तर तुकडा आधी लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून मग तोडा, नाहीतर पॉलिमर ताणला जातो आणि फोटोत खांबांऐवजी नुसत्या तारा दिसतात. वर सोन्याचा पातळ थर लागतोच.