प्रॉडक्ट की टाकली, तरी ऑफिस म्हणतंय ‘मुदत संपली’

खानापूरच्या झेरॉक्स दुकानातला नवा लॅपटॉप. विकतच्या पूर्ण मायक्रोसॉफ्ट ऑफिसची की (ते चालू करायचा कोड) टाकली, तरी फाइल नुसती उघडते, प्रिंट निघते, टायपिंग बंद. कारण लॅपटॉपसोबत आलेली मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ट्रायल (ठरावीक मुदतीची फुकट आवृत्ती) आत तशीच बसलेली.

सेटिंग्जच्या ‘अ‍ॅप्स’मधून ती काढली (भाषेनुसार दोन-तीन नोंदी असतात, सगळ्या काढायच्या), रीस्टार्ट केलं, मग सेटअप डॉट ऑफिस डॉट कॉमवर की नोंदवून तिथूनच ऑफिस उतरवलं. फाइल, अकाउंटमध्ये ‘प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड’ आलं.

ऑफिसची ‘होम अँड स्टुडंट २०२१’ ही आवृत्ती स्वस्त होती खरी, पण तिच्यात आउटलुक (ईमेलचं अ‍ॅप) नव्हतं आणि धंद्याला परवानगीही नव्हती; दुकानाला ‘होम अँड बिझनेस’च घ्यावं. नुसते मराठी-कन्नड अर्ज टाइप करायचे, तर फुकटचं लिब्रेऑफिस बास झालं.