पॅकिंग नवं, टिकटिक जुनीच: डिझेल ट्रकची एक्झॉस्ट गळती शोधताना

एक्झॉस्टच्या सांध्यात नवं पॅकिंग (गॅस्केट) टाकलं, आठवडाभर ट्रक गप्प चालला आणि पुन्हा तीच टिकटिक. नवशिका अशा वेळी पॅकिंगलाच नावं ठेवतो. पण बहुतेकदा पॅकिंग मार खाणारं असतं, मारणारा दुसराच असतो. तो सापडेपर्यंत पाना उचलू नये.

आधी आवाज एक्झॉस्टचाच आहे ना, हे बघा. टॅपेटशी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेच्या टिकटिकीशी, हमखास गल्लत होते, कारण दोन्ही आवाज एका सिलिंडरमागे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतात. लोड वाढवला की गळतीचा आवाज वाढतो, टॅपेटचा फारसा बदलत नाही. नोझलखालचा (इंजेक्टरखालचा) तांब्याचा वॉशर गेला तरी फटफट ऐकू येते, पण तेव्हा काळा थर नोझलच्या बुडाशी जमलेला असतो. टर्बोकडून इंटेककडे जाणारा होज फाटला तर लोडवर शिट्टी वाजते. तिथे काजळी नसते.

खरी तपासणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटंच कामाची, कारण मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा, हेडला बसवलेला ओतीव नळ) तापून फुगला की बारीक फट मिटते आणि आवाज बसतो. उलट, तापल्यावर आवाज वाढत असेल तर तड्याचा संशय घ्या. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं प्रत्येक सांध्याजवळून फिरवा; पंखा आणि बेल्टपासून लांब. हात लावून फुंकर शोधायला जाऊ नका. दारं उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोणत्या सिलिंडरपाशी गळतंय हे कळायला स्कॅनरने एकेक इंजेक्टर बंद करून बघा. ज्याला बंद केल्यावर टिकटिक थांबते किंवा मऊ होते, त्याच्या पोर्टजवळ (धूर बाहेर पडायच्या भोकाजवळ) शोधा. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझलच्या पाइपचा नट सैल करून हेच करतात, पण कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनावर) ते अजिबात नको. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

ऐकून भागलं नाही तर इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून अगदी कमी दाबाची हवा किंवा स्मोक मशीनचा धूर सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून इंटेककडे किंवा रिंगांजवळून डिपस्टिककडे निघते. ती गळती समजू नका. गरम मॅनिफोल्डवर मात्र पाणी मारू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो.

आता मूळ प्रश्न. मीटरभर लांबीचा मॅनिफोल्ड 500 अंश सेल्सिअसने तापला तर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास वाढतो. हेडला पाण्याचं कूलिंग असल्याने ते जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. हा फरक सरकणाऱ्या सांध्यांनी आणि मोठ्या भोकांनी सोसायचा असतो. सांधे गंजून जाम झाले की सगळा ताण टोकाच्या स्टडवर (मॅनिफोल्ड हेडला धरणाऱ्या आटेदार दांड्यांवर) येतो. म्हणून सहा सिलिंडरच्या इंजिनात आधी एक आणि सहा नंबरचे स्टड बघा. स्टडचं बाहेरचं टोक जागेवर दिसलं म्हणजे तो शाबूत असं नाही. आत तुटलेला स्टड नुसत्या बोटाने फिरतो.

मॅनिफोल्ड उतरवला की सरळ स्टीलपट्टी सगळ्या पोर्टवर आडवी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. हेडची बाजूही तशीच तपासा, ती बहुतेक जण विसरतात. फट मॅन्युअलमधल्या मर्यादेपलीकडे असेल तर मशीनवर घासून पृष्ठभाग सपाट करून घ्या (प्लेनिंग) किंवा मॅनिफोल्ड बदला. जाड पॅकिंग, दुहेरी पॅकिंग, सिलिकॉन या सगळ्या पळवाटा. काही दिवसांत ते जळून बाहेर येतं.

बसवताना ताणलेले जुने स्टड नकोत. स्टडवर लांब नळीसारखे स्पेसर असतील तर ते परत घालाच: लांब स्टड थोडा ताणला जाऊन तापण्या-थंड होण्यातही पकड टिकवतो. मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क द्या. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावलं की तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगणासकट, ते वाचा.

आणि खाली वाका! सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटला, बेलो (पाइपमधला लवचीक तुकडा) कडक झाला किंवा इंजिनाचं माउंटिंग बसलं तर पाइपचं सगळं वजन आणि हादरे टर्बोच्या फ्लँजवर येतात. तिथलं पॅकिंग कितीही वेळा बदला, पुन्हा जाणारच. पाइप जोडताना क्लॅम्प आवळून ओढून आणावा लागत असेल तर आधी त्याची जागा सरळ करा.

टर्बोच्या आधी गळती असेल तर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) पडतो, ओढ कमी होते, काळा धूर येतो. टर्बोनंतर असेल तर आवाज आणि वास येतो, ओढीत फारसा फरक पडत नाही.

काम झाल्यावर सगळे सांधे ब्रशने काजळीमुक्त करा. पुढच्या थंड स्टार्टला कुठे काळी रेघ उमटली तर ती नवीच आहे, हे नक्की कळतं.