साखरेचं फिनिश म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड नाहीच? या चुका टाळा

सुती कापडाच्या सुरकुत्या घालवायला वापरात असलेलं डीएमडीएचईयू हे रेझिन फॉर्मॅल्डिहाइड हा घातक वायू सोडतं. म्हणून साखर परआयोडेटने ऑक्सिडाइझ करून तिचे अल्डिहाइड क्रॉसलिंकर (तंतूतले रेणू एकमेकांना बांधणारं रसायन) म्हणून वापरून पाहतात. यातली सगळ्यात महागडी चूक मँगलवर (द्रावणात भिजलेलं कापड पिळणाऱ्या रोलरवर) होत नाही, बीकरमध्येच होते.

‘सुक्रोज संपलंय ना, मग ग्लुकोज घ्या, साखरच ती.’ नाही! सुक्रोजच्या एका रेणूला ३ परआयोडेट लागतात, १ फॉर्मिक ॲसिड सुटतं आणि ४ अल्डिहाइड गट असलेला रेणू उरतो. ग्लुकोज शेवटपर्यंत ऑक्सिडाइझ झालं तर ५ फॉर्मिक ॲसिड आणि १ फॉर्मॅल्डिहाइड. म्हणजे जे टाळायचं होतं तेच हाताने तयार केलं. सुक्रोजचं द्रावणही ॲसिडमध्ये गरम केलं की फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. म्हणून द्रावण थंड ठेवा, परआयोडेट मोजूनच घाला, भांडं उजेडापासून झाका. आणि आयएसओ १४१८४-१ ही कापडातलं फॉर्मॅल्डिहाइड मोजणारी चाचणी केल्याशिवाय ‘फॉर्मॅल्डिहाइड-मुक्त’ असं लेबल लावू नका.

ऑक्सिडेशननंतर परआयोडेटपासून उरलेलं आयोडेट बेरियम क्लोराइडने खाली बसवून गाळतात. बेरियम विषारी असतं. जास्तीचं बेरियम सोडियम सल्फेटने काढा, नाहीतर ते थेट कापडावर जाईल.

सायट्रिक ॲसिड किंवा बीटीसीए या ॲसिडच्या फिनिशवर काम केलेले लोक सवयीने सोडियम हायपोफॉस्फाइट घालतात. ते एस्टर बंधासाठी. इथे अल्डिहाइड आणि सेल्युलोजमध्ये ॲसिटल बंध हवा, त्याला मॅग्नेशियम क्लोराइडसारखा ॲसिड देणारा कॅटॅलिस्ट लागतो. रिकव्हरी अँगल (घडी सोडल्यावर कापड किती उघडतं तो कोन) वाढत नसेल तर आधी कापडाचा पीएच बघा. ब्लीचिंगनंतर राहिलेली अल्कली कॅटॅलिस्ट मारून टाकते. डिसायझिंग (सुतावरची खळ काढणं) अर्धवट असेल तर फिनिश नुसतं वर बसतं.

कापड पिवळं पडलं की दोष स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनच्या) तापमानावर जातो. तो असतोही, पण त्याच बाथमध्ये अमिनो सिलिकॉन सॉफ्टनर आहे का, हे आधी विचारा. अमाइन आणि अल्डिहाइड भेटले की पिवळेपणा येणारच. पॉलिइथिलीनचं सॉफ्टनर घ्या.

रिकव्हरी अँगल बघून मात्र खूश होऊ नका. ५०० ग्रॅम वजनाखाली ५ मिनिटं घडी, मग सोडून ५ मिनिटांनी कोन, ताणा-बाणा दोन्हींचा. त्याच दिवशी, त्याच कापडाची फाटण्याची ताकदही मोजा. कोन चढतो तशी ताकद उतरते. क्युअरिंगमध्ये कॅटॅलिस्टच्या ॲसिडने सेल्युलोज तुटलं असेल, तर ती कोणत्याच सॉफ्टनरने परत येत नाही.