रत्नागिरीत धावायला जाताय? या चुका टाळा

सुट्टीत घरी आलेल्या पुण्या-मुंबईच्या धावपटूंची रत्नागिरीतली तक्रार ठरलेली असते: तिकडे दहा किलोमीटर सहज होतात, इथे सहालाच जीव नकोसा होतो. तब्येत बिघडलेली नसते, फक्त आखणी तिकडची असते. इथे कुठे आणि कधी पळायचं हे भरती-ओहोटी, चढ आणि दमट हवा यांना विचारून ठरवावं लागतं. हे तिघं जुमानले नाहीत की पुढच्या चुका आपोआप होतात.

भरती न बघता भाट्याला उतरणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्याचा किनारा लागतो. सुरूचं बन, सरळ लांब पट्टा, गर्दी नाही. ओहोटीला इथली ओली वाळू घट्ट असते, पाऊल जेमतेम उमटतं. भरतीला मात्र सुरूच्या कडेची भुसभुशीत वाळूच तेवढी उरते. तिच्यात टाच रुतते, प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या नि टाचेमागची शीर ठणकायला लागते. मग लोक बूट बदलतात. बदलायची असते ती वेळ.

त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या. पहाटे आणि दुपारी, दोन्हीकडे तोच आकडा धरायचा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पळण्याच्या आखणीला एवढं चालतं. म्हणजे सकाळी सहाला उतरणाऱ्याला पौर्णिमा किंवा अमावास्या उत्तम, कारण पाणी तेव्हा सर्वांत मागे गेलेलं असतं. पुढचे तीन-चार दिवसही पाणी सहाला मागे हटतच असतं. अष्टमीच्या आसपास मात्र त्याच वेळी भरती भरलेली असते, तेव्हा किनाऱ्याचा नाद सोडून गावातला रस्ता धरावा. संध्याकाळी सहाला पळणाऱ्यांनाही हेच गणित लागू, कारण दोन भरतींमधे बारा-साडेबारा तासांचं अंतर असतं.

यात एक गोम आहे. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत पहाटे किनारा एवढा मोठा दिसतो की माणूस लांबवर जातो. पाणी सुरुवातीला हळू चढतं, मधल्या दोन तासांत झपाट्याने. आठ-साडेआठला परत यायला निघालात तर येताना जिथे घट्ट वाळू होती तिथे लाटा असतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत हा फरक कमी असतो.

दुसरं, ओली वाळू घट्ट असली तरी सपाट नसते, समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने पळत राहिलं तर एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची किंवा कंबरेची एकच बाजू कुरकुरते. एकच बाजू दुखते अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. जेवढं गेलात तेवढंच परत या, आणि ओहोटी पूर्ण असताना पाण्याच्या अगदी कडेला पळा; तिथे उतार सर्वांत कमी असतो.

आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नये. ओहोटीला पाणी गुडघाभरच दिसतं, पलीकडे मांडवी हाकेच्या अंतरावर वाटते. पण सगळी खाडी त्याच वाटेने समुद्रात रिकामी होत असते. पूल आहे, पुलावरून जावं. पावसकडची वाहतूक तिथूनच असते, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशी उजवी बाजू धरावी आणि कानात काही घालू नये.

जुन्या गावात घड्याळ लावून पळणं

टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म झाला, १८५६ मध्ये. १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिरही गावातच. हा भाग पळत बघायला सुरेख आहे, पण आळ्या अरुंद, वळणावर स्कूटर, दारात झाडलोट चाललेली. इथे वेग गाठायचा म्हटलं तर दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं आणि चिडचिड होते. जुनं गाव हे रमतगमत पळायच्या दिवसासाठी ठेवावं. वेगाचा दिवस ओहोटीच्या भाट्याला द्यावा.

चढाचा हिशेब न करणं ही त्याच्याच जोडीची चूक. मांडवी, राजिवडा खाली. मारुती मंदिर, थिबा राजवाडा वर. वर राहणारा माणूस मजेत उतारावरून खाली येतो, किनाऱ्यावर दमतो आणि मग ऊन चढल्यावर घाटी चढत घरी जातो. दुचाकीने खाली येऊन तिथून पळायला सुरुवात करा, नाहीतर आधी चढ संपेल असा रस्ता निवडा. खालून निघून थिबा पॉइंटला चढणं आणि उतरत परत येणं हा मला गावातला सर्वांत चांगला फेरा वाटतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून इथे नजरकैदेत होता. राजवाडा त्याला १९१० च्या सुमारास मिळाला आणि १९१६ मध्ये तो वारला. आतलं संग्रहालय कार्यालयीन वेळेतलं, त्यामुळे पहाटे फाटकावरूनच पुढे जायचं. पॉइंटवरच्या बागेत दम खाता येतो. खाली खाडी, पूल, भाट्याची सुरू आणि होड्या एका नजरेत दिसतात, म्हणजे पाणी कुठवर आलंय हेही वरूनच कळतं.

मिरकरवाडा बंदराकडून भगवती किल्ल्याला जाणाऱ्यांनी बंदराजवळ चालावं. मासळीचं पाणी आणि वितळलेला बर्फ रस्त्यावर असतो, आणि कामाची माणसं घाईत असतात. त्यांच्यामधून बाजू मागत पळणं बरं दिसत नाही.

घाम आला म्हणजे अंग थंड झालं असं समजणं

घाम वाळला तरच अंग थंड होतं. इथल्या हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून पंचवीस अंशांतही छाती धडधडते. शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि चार दिवसांच्या सुट्टीत ती होतच नाही. तेव्हा नेहमीचा वेग विसरा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. उकाड्यात अंगावर काटा आला, डोकं हलकं झालं किंवा घाम अचानक थांबला तर तिथेच थांबा, सावलीत बसा, डोक्यावर पाणी ओता. बरं वाटलं नाही तर दवाखाना.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामावाटे मीठ जातं. पाण्यात चमचाभर कोकमाचं आगळ आणि थोडी साखर घाला. आगळात मीठ असतंच. निघण्यापूर्वी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज घेतली तर पोट जड होत नाही. संध्याकाळी परतताना जास्त दम लागत असेल तर तो वारा आहे. पावसाळा सोडला तर दुपारनंतर खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो. भाट्याला दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो आणि येताना तोंडावर. जाताना ताकद राखून ठेवा.

पावसाळ्यातही तेच चालू ठेवणं

जून ते सप्टेंबर किनारा सोडून द्या. लाटा सुरूपर्यंत येतात, कधी निळे जेलीफिश वाळूत पडलेले असतात. जांभ्याच्या पायऱ्या आणि गडगे शेवाळतात, आणि पाऊस गेला तरी ऑक्टोबरपर्यंत निसरडे राहतात. पायऱ्या चालतच उतराव्यात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून पळू नका, लेप्टोची भीती असते. सडा, म्हणजे वरचा जांभ्याचा उघडा माळ, धुक्यात कितीही छान दिसला तरी आभाळ गडगडायला लागलं की तिथून खाली यावं, कारण उघड्या माळावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. बूट घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात ठेवले तर तळाचा डिंक सुटतो.

सड्यावर बाराही महिने अंधारात विजेरीशिवाय पळू नका. फुरसं (विषारी साप) जांभ्याच्या रंगात मिसळून जातं आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. पाय हलवायचा नाही, पळत तर मुळीच जायचं नाही. गाडी बोलवून थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी लस एकच आहे, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.