नेपाळचे क्रिकेट कुठवर आले, हे कसे जोखावे

सहयोगी देशाच्या, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या आयसीसी (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद) सदस्याच्या, क्रिकेटची प्रगती जोखायची असेल, तर धावांच्या आकड्याआधी प्रतिस्पर्धी कोण होता ते पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळने ३ बाद ३१४ धावा कुटल्या आणि दीपेंद्रसिंह ऐरीने ९ चेंडूंत अर्धशतक करून युवराजसिंगचा १२ चेंडूंचा विक्रम मोडला; मात्र समोर पहिलाच आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना खेळणारा मंगोलिया होता, जो ४१ धावांत गारद झाला. याउलट जून २०२४ मध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकात वेस्ट इंडिजमधल्या किंग्सटाउनला दक्षिण आफ्रिकेला ११५ धावांवर रोखल्यानंतर नेपाळ ११४ वर थांबला, कारण शेवटच्या चेंडूवर गुलशन झा धावबाद झाला. माझ्या हिशेबी हा एका धावेचा पराभव त्या २७३ धावांच्या विजयापेक्षा वजनदार आहे.

त्यानंतर संघाचे वेळापत्रक पाहावे. एखाद्या सनसनाटी विजयापेक्षा वर्षभरात किती अधिकृत सामने मिळतात, यावर संघ घडतो. २०१९ ते २०२३ या काळातील ‘लीग टू’ या एकदिवसीय विश्वचषकाच्या पात्रतेसाठीच्या स्पर्धेत सात संघांना प्रत्येकी ३६ एकदिवसीय सामने मिळाले; तळाशी रेंगाळणाऱ्या नेपाळने शेवटच्या १२ पैकी ११ सामने जिंकून तिसरे स्थान गाठले आणि विश्वचषक पात्रता फेरीत थेट प्रवेश मिळवला. त्यातला निर्णायक सामना मार्च २०२३ मध्ये काठमांडूजवळच्या कीर्तिपूरला झाला. मैदानावर प्रकाशझोत नव्हते, अंधार दाटत होता, गवताळ उतारावर प्रेक्षक खच्चून भरले होते. ४४ षटकांनंतर खेळ थांबला आणि अर्धवट राहिलेल्या सामन्याचा निकाल लावणाऱ्या डकवर्थ-लुईस-स्टर्न नियमाने नेपाळने संयुक्त अरब अमिरातीवर ९ धावांनी मात केली. म्हणून घरच्या मैदानाची अवस्थाही नोंदवावी: गर्दी जमत असेल आणि दिवे नसतील, तर अडचण आवडीची नसून पैशाची व नियोजनाची आहे.

मंडळाचा कारभार तपासताना घाईने निष्कर्ष काढू नये. सरकारी हस्तक्षेपामुळे आयसीसीने नेपाळचे क्रिकेट मंडळ २०१६ पासून २०१९ पर्यंत निलंबित केले होते, तरी संघाला खेळण्याची मुभा राहिली आणि २०१८ मध्ये, म्हणजे निलंबनातच, त्याने एकदिवसीय दर्जा, म्हणजे अधिकृत आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने खेळण्याचा हक्क, मिळवला.

राहता राहिली देशांतर्गत लीग. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या नेपाळ प्रीमियर लीगचा धावफलक उघडावा आणि परदेशी नावे बाजूला ठेवून, किती स्थानिक गोलंदाजांच्या हाती शेवटची षटके दिली गेली, एवढेच मोजावे.