या चुका टाळा : एमटीच्या छेदातला प्रत्येक लाल डाग म्हणजे पाणी नव्हे

मुरबाडकडे माळावर इलेक्ट्रोडसाठी खड्डे खणत होतो. एक आजोबा येऊन बसले. "सायेब, पाणी किती हातावर लागंल?" मी म्हटलं, "बाबा, पन्नास किलोमीटर." ते हसत उठून गेले. पण घोळ 'पाणी' या शब्दातच आहे. एवढ्या खोलीवर झरे नसतात. कवचातल्या भेगांत खारं पाणी असू शकतं. त्याखालच्या प्रावरणात मात्र 'पाणी' म्हणजे ऑलिव्हिन या तिथल्या मुख्य खनिजाच्या स्फटिकात अडकलेला हायड्रोजन, तोही वजनाने दशलक्षात काही भाग.

मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे एमटी पद्धतीत आपण जमिनीत वीज सोडत नाही. सौरवारा आणि दूरच्या विजा यांच्यामुळे होणारे चुंबकीय चढउतार, आणि त्यांनी जमिनीत उठणारे विद्युतक्षेत्र, एवढंच मोजतो. त्यावरून खोलवरच्या खडकाची प्रतिरोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काढतो. छेदात, म्हणजे जमिनीच्या उभ्या चित्रात, ती कमी असेल तिथे लाल डाग दिसतो. हा संकेत क्षीण, आणि आपलं ठाणे शहर गोंगाटाचं! उच्चदाबाच्या तारांचा ५० हर्ट्झ परवडला, त्याचा पत्ता ठाऊक असतो. गाळून टाकता येतो. लोकल सुटताना-थांबताना जमिनीत उठणाऱ्या विजेच्या झटक्यांना असा ठरावीक पत्ता नसतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, यावरून काय ते समजा. (आज ती नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थानाकडे आहे.)

यावर उपाय म्हणजे दूरचं संदर्भ-ठाणं: त्याच वेळी, जीपीएसच्या घड्याळावर, दुसरीकडेही नोंद घ्यायची. दोन्हीकडे जे सारखं दिसेल ते निसर्गाचं. आमच्या एका चमूने हे संदर्भ-ठाणं शहरालगतच्या पारसिकच्या डोंगरावर ठेवलं. तिथेही तोच रेल्वेचा गोंगाट, त्यामुळे गोंगाटच 'निसर्ग' ठरला. संदर्भ-ठाणं ठाणे शहराबाहेरच हवं, घाट ओलांडून.

वाऱ्याने वायर हलली तरी खोटा व्होल्टेज येतो. ती मातीत दाबा. इलेक्ट्रोडभोवतीचा चिखल दुपारी सुकला की नोंद सरकत जाते. खड्डा खोल घ्या, वर सावली करा.

घाई ही आणखी एक चूक. संकेत किती खोल जातो, याचा ढोबळ हिशोब : प्रतिरोधकता (ओहम-मीटरमध्ये) गुणिले आवर्तनकाळ (सेकंदांत), त्याचं वर्गमूळ, गुणिले ५०३ मीटर. १०० ओहम-मीटरच्या खडकात १०० सेकंदांचा संकेत सुमारे ५० किलोमीटर जातो. त्याहून खूप खाली पाहायला १०,००० सेकंदांचे संकेत लागतात, आणि एका दिवसात त्यांची जेमतेम आठ आवर्तनं होतात. दोन रात्रींत यंत्र उचलणाऱ्याने प्रावरणावर बोलू नये.

आवर्तनकाळानुसार काढलेला प्रतिरोधकतेचा वक्र अख्खा वर किंवा खाली सरकलाय, पण कला (फेज, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय चढउतारांतलं मागेपुढे अंतर) जागेवर आहे? मग दोष खोलवर नाही, पायाखाली आहे : मुरमाचा एखादा कप्पा किंवा खाडीकाठचा खारट गाळ. उथळ भागाची वेगळी मोजणी करून वक्र जागेवर आणा. समुद्राचं पाणी साधारण ०.३ ओहम-मीटर, शेजारचा बेसाल्ट त्याच्या शेकडो पट. म्हणून अरबी समुद्र आणि ठाण्याची खाडी आधीच प्रारूपात (संगणकावरच्या मॉडेलमध्ये) घाला, नाहीतर समुद्रच खोलवर 'सापडतो'.

आता मूळ दुखणं. कमी प्रतिरोधकता खाऱ्या पाण्याने येते, तशी ग्रॅफाइटच्या पापुद्र्याने, सल्फाइडने, वितळलेल्या खडकानेही येते. नुसत्या उष्णतेनेही ऑलिव्हिन वीज जास्त वाहतं. म्हणून आधी उष्णता-प्रवाहावरून तापमान ठरवा, भूकंपलहरींचा वेग ताडून पाहा, मगच हायड्रोजनकडे वळा. तिथेही प्रयोगशाळांची सूत्रं एकमेकांशी जुळत नाहीत. सोयीचं एकच सूत्र उचलू नका, दोन-तीन लावून पल्ला द्या.

जाडीचंही तेच. १ ओहम-मीटरचा १ किलोमीटर थर आणि १० ओहम-मीटरचा १० किलोमीटर थर एमटीला जवळजवळ सारखेच दिसतात. एक कसोटी मी सगळ्यांना करायला लावतो : तो लाल डाग प्रारूपातून पुसा, त्या जागी भोवतालचाच खडक भरा आणि गणित पुन्हा चालवा. वक्र तरीही तितकाच जुळला, तर तो डाग सॉफ्टवेअरने रंगवलाय.